बशी शेवंतीला

५ जानेवारी, रविवार. चिंचणी

१९८५ च्या डिसेंबरातली एक दुपार. पालघर स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात मी आणि नरहरी एक चहा दोघांत घेऊन बसलो होतो. मी शिक्षण खात्याच्या कचेरीतून आले होते, तो फोटोचे रोल घ्यायला आला होता. बोईसरची गाडी यायला सातच मिनिटं होती आणि पोऱ्याने घाईत एकच कप आणला. नरहरीने अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. निळ्या काठाची, एका जागी टवका उडालेली. बोर्डिंगमध्ये आमच्या सिस्टर बशीतून पिणाऱ्या मुलीला सगळ्यांचं जेवण होईपर्यंत उभं करायच्या. बावीस वर्षांची होईपर्यंत मी बशीला कधी ओठ लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

मग तो म्हणाला, "डोळे मीट. आता सांग, मघाशी तो टोपीवाला आत आला तेव्हा माझा कप कोणत्या हातात होता?"

"उजव्या. आणि तुझं वरचं बटण उघडं होतं. आता लावलंयस."

तो इतक्या मोठ्याने हसला की गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला. "झालं तर," म्हणाला, "माझ्या सिनेमाची वही तू सांभाळायचीस." हॉटेलातून निघताना त्याने ती बशी मागून घेतली. सिनेमात लागेल म्हणाला.

हे आज आठवायचं कारण म्हणजे सकाळी दहा वाजता नरहरी माझ्या दारात उभा होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "हिमानी, कोरी वही आहे का?"

तिसरा भाग! बावीस वर्षांनी! माझ्या हातातली मेथीची जुडी खालीच पडली.

दीपिका, तू नाशिकला बसून माझी ही डायरी कधीतरी वाचशील आणि आईचं खूळ म्हणशील, म्हणून नीट लिहून ठेवते. 'काळं वल्हं' ही एका गुन्हेगार घराण्याची गोष्ट. नरहरीचा बोईसरला फोटो स्टुडिओ आहे. १९८७ साली त्याने भाड्याच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर पहिला भाग काढला. दर्याजी नावाचा मच्छीमार दातिवऱ्याच्या खाडीत चोरटी चांदी उतरवतो, भागीदाराला वल्ह्याने मारतो आणि सगळ्या किनाऱ्याचा धनी होतो. दर्याजी नरहरी स्वतः झाला होता. व्हिडिओ हॉलमध्ये दोन महिने चालला. कारखान्यांतले कामगार रस्त्यात त्याला "दर्याजीसेठ, सलाम" म्हणायचे. तुझे बाबासुद्धा त्यात पोलीस झाले होते आणि एकच वाक्य बोलताना तीनदा हसले होते. २००३ साली दुसरा भाग. त्यात दर्याजीचे दोन्ही मुलगे एकमेकांना संपवतात. आणि आता शेवट.

तो शेवट नरहरीने मला स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून सांगितला. दर्याजी थकलाय. घरात उरलीय एक मुलगी. तो एका वैऱ्याची होडी बुडवायला माणसं धाडतो, आणि त्याच होडीत मुलगी असते.

मला रडू आलं. तो खूश झाला. "तू रडलीस म्हणजे चिंचणी रडणार."

एकच अट आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं शूटिंग संपलं पाहिजे. एवढी घाई कशाला, विचारलं. म्हणाला, "मार्चचा उजेड पांढरा फटक असतो, हिमानी. आणि हे पुरं झालं नाही तर अडतीस वर्षांची गोष्ट दोन मुडद्यांवर लटकत राहील. मला ते चालणार नाही."

मलाही नाही चालणार. वही काढली. दोनशे पानी.

९ जानेवारी, गुरुवार

ट्रंक उघडली! स्टुडिओच्या माळ्यावर होती. दर्पणने खाली उतरवली. दर्पण म्हणजे नरहरीचा पुतण्या, कॅमेरा तोच करतो. सातवीत माझ्या वर्गात होता, अजून माझ्यासमोर उभा राहिला की हात मागे बांधतो.

डांबर फासलेलं वल्हं, दर्याजीची पितळेची अंगठी, काळा लोकरी कोट आणि १९८७ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी. सगळं जसंच्या तसं. बशीवर मी नाकसुद्धा लावून पाहिलं, वेड्यासारखं.

पहिल्या भागात दर्याजीची बायको शेवंती त्याला बशीत चहा ओतून देते, असा एक शॉट आहे. शेवंती झालेली बाई त्या दिवशी आलीच नाही. मग नरहरीने माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, मला पदराआड बसवलं आणि कॅमेऱ्यात फक्त माझे हात घेतले. त्यामुळे शेवंतीचा चेहरा त्या बाईचा आणि हात माझे. आजवर कोणाला कळलेलं नाही. ती चूक कोणी पकडू शकलं नाही याचा मला अजून अभिमान आहे.

आमची ही वही म्हणजे काय, तर सिनेमा तुकड्या-तुकड्यांत काढतात. दारातून बाहेर पडणं आज आणि अंगणात येणं आठवड्याने. मग मधल्या काळात मिशी वाढली, बटण उघडलं, घड्याळ दुसऱ्या हातात गेलं, असं व्हायला नको. ते सगळं मी टिपते. दिसेल ते लिहायचं, अर्थ लावत बसायचं नाही, असं नरहरीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तर आजची नोंद: कोट दोन्ही खांद्यांवरून उतरतो. मागून बारा सेफ्टी पिना लावल्या. पट्ट्याला दोन नवी भोकं.

मी रागावले. "दर्याजी काय डाएटवर आहे का? गुंड आहेस, गुंडासारखा दिस."

"म्हातारा गुंड आहे," म्हणाला. "मुलं मेल्यावर कोण जेवतं?"

बरोबरच आहे. किती विचार करतो हा माणूस एकेका गोष्टीचा!

मुलीचं काम उन्नती करतेय. बोईसरच्या बँकेत असते, नाटकात काम केलंय. डोळे मोठे, आवाज खणखणीत. रजा काढून आली आहे आणि पहिल्याच दिवशी विचारते, "टीचर, मी मरते तेव्हा डोळे उघडे ठेवू की बंद?" मुलगी कामाची आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आज चहाचा प्रसंग. मुलगी बापाला बशीत चहा देते, आईसारखीच. नरहरीने बशी डाव्या हातात घेतली. मी लगेच ओरडले, "कट!" खरं म्हणजे कट म्हणणं माझं काम नाही. सगळे दचकले.

"दर्याजी दोन्ही भागांत उजव्या हाताने पितो. वहीत आहे."

"दर्याजीचा उजवा हात आता कापतो," नरहरी म्हणाला.

"स्क्रिप्टमध्ये नाही तसं."

"आता आहे. लिही."

लिहिलं. आणि खरोखर त्याने उजवा हात मांडीवर असा काही कापता ठेवला की उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं. शॉट संपल्यावरही थोडा वेळ कापतच होता. भूमिकेतून बाहेर पडायला वेळ लागतो त्याला, पूर्वीपासून.

तिळगूळ दिला. कपाळाला लावून खिशात ठेवला. नोंद: डावा खिसा.

२० जानेवारी, सोमवार

चार दिवस काम बंद होतं. काका-पुतण्या मुंबईला गेले होते, एडिटिंगच्या कामासाठी. अजून निम्मं शूटिंग बाकी आहे तर एडिटिंग कसलं करतात, असा माझा साधा प्रश्न. दर्पण हात मागे बांधून छताकडे बघू लागला. सातवीतही गृहपाठ केला नसला की असाच बघायचा.

आज नरहरी लोकरी टोपी घालून आला. नोंद केली: टोपी, तपकिरी. मनगटाच्या वर कापूस आणि चिकटपट्टी, नंतर फुलशर्टाची बाही खाली. भुवया विरळ. मी म्हटलं, "नरहरी, या वेळी तुला मेकअपच लागत नाही." तो म्हणाला, "खर्च वाचवतोय."

आज जरा मन खाली-वर आहे. दीपिका, तुझा फोन आला होता. "आई, बासष्टाव्या वर्षी तू किनाऱ्याच्या पुळणीत उन्हात उभी राहतेस, कोण बघणार आहे तो सिनेमा?" खरंच कोण बघणार? व्हिडिओ हॉल गेले. बघणारे निम्मे गेले. तुझे बाबा जाऊनही अकरा वर्षं झाली. मग आम्ही कोणासाठी धावतोय?

पण सकाळी सहाला दर्पणच्या गाडीचा हॉर्न वाजला की मी चपला शोधायला लागते. एकवीस वर्षांच्या मुलीसारखी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कोणी माझ्यासाठी हॉर्न वाजवला नव्हता.

२८ जानेवारी, मंगळवार

काय दिवस! काय दिवस! अंघोळसुद्धा न करता लिहायला बसले आहे, केसांत पुळण आहे.

आज घिवलीला मोठा प्रसंग. मुलीचं प्रेत घेऊन होडी किनाऱ्याला येते आणि दर्याजी गुडघाभर पाण्यात उभा. होडी महादूची. महादू तिथला जुना मच्छीमार, तिन्ही भागांत होडी त्याच्याच घरची. वीजकेंद्राच्या बाजूला कॅमेरा वळवायचा नाही एवढं सांभाळून दर्पणने जागा धरली. मी लिहून दिलं होतं: होडीचा बावटा अर्ध्यावर उतरवलेला. आमच्या शाळेत कोणी मोठं माणूस गेलं की सिस्टर झेंडा अर्ध्यावर आणायच्या, तेच डोक्यात.

महादू बावट्याला हात लावेना. "टीचर, दुसरं कायबी सांगा. घरात मयत झाल्याबिगर आमी बावटा उतरवीत नाय."

"महादू, वीस मिनिटं फक्त. सगळ्या होड्या समुद्रात आहेत. बघणार कोण?"

"दर्या बघतो ना."

मी हट्ट धरला. बाईमाणूस, त्यात मास्तरीण. शेवटी त्याने उतरवला. पण उतरवताना तोंड फिरवून.

आता माझी चूक. अमावास्या उद्यावर आलेली, अकराला भरती भरत होती, आणि भरतीवर होड्या घरी येतात, हे इतकी वर्षं चिंचणीत राहून मी विसरले! शॉट सुरू झाला. उन्नती पांढऱ्या चादरीखाली निपचित. नरहरी पाण्यात. आणि लांबून इंजिनांचा आवाज यायला लागला. पहिल्या होडीने उतरलेला बावटा पाहिला, मागच्यांना हात केला, आणि जी जिथे होती तिथून वळली. कोणी जाळं अर्धं टाकून, कोणी ओढता ओढता. सत्तावीस होड्या! मी मोजल्या. समुद्र दिसेना, नुसत्या होड्या. माणसं छातीभर पाण्यात उड्या टाकत ओरडत होती, "कोन? कोन गेला?"

दर्पण माझ्याकडे बघतोय. नरहरीने पाण्यातूनच पाठीमागे हात केला. म्हणजे कॅमेरा चालू ठेव.

इतक्यात गलका ऐकून प्रेत उठून बसलं. उन्नती चादर बाजूला करत म्हणाली, "काय झालं?" जवळ पोचलेला एक दांडगा गडी किंचाळून उलटा पाण्यात पडला.

मग जे व्हायचं ते झालं. चिडलेले सत्तर-ऐंशी लोक आणि मध्ये आम्ही पाच. मासळी गेली, जाळी गेली, आणि सिनेमासाठी! तेवढ्यात महादूची आई, गोदूबाई, पुळणीवरून तरातरा आली. वय ऐंशीच्या पुढे, आवाज विशीतला.

"नऱ्या, मेल्या! जित्या मानसांचा बावटा उतरवतो? आनि ही मास्तरीन! शिकली तेवढी येडी झाली काय गो तू?"

मी म्हटलं, "गोदूबाई, माझंच चुकलं. मी आत्ता वर चढवायला सांगते."

"तसा नाय चढत. उतरला तो कोनाचं तरी नाव घेऊन उतरतो. कोनाच्या नावाने चढवू, सांग?"

सगळ्यांच्या घरी माणसं आहेत, कोण कोणाचं नाव देणार? तर नरहरी, ओल्या कोटात, दात वाजतायत, पण हसत म्हणाला, "माझं घे ना, गोदूमावशी. मोकळंच आहे."

माणसं हसली. एकदाची हसली! गोदूबाई नाही हसली. ती त्याच्याजवळ गेली. मासळी ताजी आहे का ते बघायला कल्ला उघडतात ना, तसा तिने त्याचा चेहरा धरला आणि खालची पापणी ओढून आत पाहिलं. बराच वेळ. मग हात खाली घेतला. महादूला एवढंच म्हणाली, "चढव."

आणि मग म्हणाली, "सगळी जेवून जा. नऱ्याला पुढ्यात बसवा."

एका वाक्याने त्याने अख्खं गाव जिंकलं. काय जादू आहे त्याच्या जिभेत! जेवताना तोच पाण्यात पडलेला गडी विचारत होता, "नरीदादा, माजा फोटू येनार ना पिच्चरमदी?" येणार रे बाबा, सगळ्यांचा येणार. दर्पणने शॉट दाखवला. सत्तावीस होड्या धावत येतायत आणि मध्ये एकटा दर्याजी, पाठमोरा. सिनेमावाल्या मोठ्या लोकांना कोटी देऊन मिळणार नाही असा शॉट माझ्या एका चुकीने मिळाला!

नोंद: उजवा बूट हरवला. चढताना दर्पणने आणि महादूने दोन्हीकडून धरलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

गोदूबाई रोज तांदळाची पेज पाठवते, फक्त नरहरीसाठी. आम्हाला चिंबोरीचा रस्सा आणि त्याला पेज. मी थट्टा केली, "हिरोला वेगळं ताट?" महादू म्हणाला, "आये बोलते, त्यालाच दे." आणि टोपल्याचं फडकं नीट करत बसला.

उद्याच्या उद्या शेवटचा प्रसंग घेऊ, असा नरहरीचा धोशा. मी म्हटलं थांब, उजेड ढगाळ आहे, मंगळवारी घेऊ. तो दर्पणकडे वळून म्हणाला, "मंगळवारपर्यंत चालेल ना?" उजेडाबद्दल विचारत असावा. दर्पण म्हणाला, "चालवू, काका."

४ फेब्रुवारी, मंगळवार

संपलं! शूटिंग संपलं! पेढे वाटले, उन्नतीने मला उचलून गरकन फिरवलं, माझा चष्मा पुळणीत.

शेवटचा प्रसंग चिंचणीच्या सुरूच्या बनात, पालथ्या होडीवर बसून. दर्याजी एकटा आहे. समोर आपल्या वस्तू मांडतो आणि वाटून देतो. वल्हं थोरल्याला, घर धाकट्याला, अंगठी लेकीला, बशी शेवंतीला. देतोय त्यातलं कोणीच जिवंत नाही. वाटणी संपते आणि वस्तू तशाच पडून राहतात. नरहरीने हे लिहिलं तेव्हाच मी म्हटलं होतं, याच्या पुढे काही दाखवू नकोस.

पहिला टेक चोख झाला. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. टाळ्यासुद्धा झाल्या. तर म्हणतो, "अजून एक."

दुसरा टेक सगळा चुकला. पाठांतर कधी न चुकणारा माणूस! वल्हं उचललं आणि म्हणाला, "हे महादूला." मी हात वर केला. त्याने बघितलं नाही. सगळं असंच चुकीचं बोलत गेला, खऱ्या माणसांची नावं घेऊन. एकच वाक्य काय ते स्क्रिप्टप्रमाणे आलं, शेवटचं: "बशी शेवंतीला." ते बोलताना मात्र त्याने कॅमेऱ्यात न बघता माझ्या बाजूला बघितलं. नजर चुकली, तेही लिहिलं.

मी उठले. "नरहरी, नावं चुकली. तिसरा घ्यावा लागेल."

"नाही. हाच."

"अरे, पण दर्याजी महादूला कशाला देईल?"

"हिमानी, जसं बोललो तसं लिही. दुरुस्त करू नकोस."

लिहिलं, शब्दन् शब्द. दमला असेल बिचारा. दर्पणलाही बरं नव्हतं, कॅमेऱ्याच्या मागून बाहेर यायलाच त्याला पाच मिनिटं लागली.

पण संपलं! आज मला झोप येणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दर्पणने एडिटिंगसाठी वही मागितली. अक्षर लागावं म्हणून पहिल्या पानापासून वाचून काढली.

बारा पिना. नंतर पंधरा. नंतर एकोणीस. पट्टा. डावा हात. कापूस. टोपी. भुवया. दोन्हीकडून धरलं. पेज.

सगळं माझ्याच अक्षरात आहे. सिस्टर म्हणायच्या, हिमानीचं अक्षर इतकं स्वच्छ की आंधळ्यालाही वाचता येईल.

दुपारी स्टुडिओत गेले. तो बाकावर पडून होता. चहा केला. कप त्याच्या हातात राहीना, म्हणून बशीत ओतून मी धरली.

१६ मार्च, रविवार

आज खेळ झाला! आणि दीपिका, तू विचारलं होतंस कोण बघणार, तर ऐक. शाळेच्या सभागृहात तीनशे खुर्च्या, आणि लोक भिंतींना टेकून, पायऱ्यांवर, बाहेर ट्रॅक्टरवर नुसता आवाज ऐकत! घिवलीहून तीन टेम्पो भरून माणसं. बोईसरहून जुने कामगार, आता आजोबा झालेले, "दर्याजीसेठ कहाँ हैं?" करत. पडद्यावर काळं वल्हं आलं आणि जी शिट्टी उठली, माझ्या अंगावर काटा. दुपारी चारला सुरू केलं, म्हणून दारं-खिडक्या झाकून अंधार केला होता. घामाने सगळे निथळत होते आणि एक माणूस उठला नाही.

होड्या आल्या तेव्हा तर सभागृह उभंच राहिलं. "तो बघ मी! तो मी!" सत्तावीस होड्यांतला प्रत्येक जण स्वतःला बोट दाखवत होता. पाण्यात पडलेल्या गड्याला तर लोकांनी खांद्यावर घेतलं.

नरहरी शेवटच्या रांगेत, उशांना टेकून. मी शेजारी. त्याने डोळे मिटले होते. पडद्याकडे नव्हता बघत, लोकांचा आवाज ऐकत होता.

मग शेवट. दुसरा टेक ठेवलाय. पडद्यावर दर्याजी म्हणाला, "वल्हं महादूला," आणि महादू जागेवरून ओरडला, "मला?" हशा पिकला. पुढचं नाव आलं, पुन्हा हशा, पण अर्धाच. त्याच्या पुढच्या नावाला कोणी हसलं नाही. पुढून गोदूबाईने नाक ओढल्याचा आवाज आला. आणि एकेक करून माना मागे वळायला लागल्या, पडद्यावरून शेवटच्या रांगेकडे.

नरहरी डोळे न उघडताच म्हणाला, "पुढे बघा रे. अजून संपला नाही."

तीनशे माणसं पुन्हा पुढे वळली.

"आवडला त्यांना?" मला विचारलं.

"फार."

"चूक कुठे दिसली?"

"एकही नाही," म्हटलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा वहीच्या कामात खोटं बोलले. दर्याजीचा कोट मागून पिनांनी चमकत होता, मला स्पष्ट दिसला होता.

११ एप्रिल, शुक्रवार

नरहरी दोन तारखेला सकाळी गेला. दर्पण आणि मी होतो.

घिवलीला महादूने बावटा उतरवला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गोदूबाई एवढंच म्हणाली, "नाव त्याने तवाच दिलं होतं." भरतीला होड्या परत आल्या. मी किनाऱ्यावर उभी राहून मोजल्या. एकतीस. सिनेमात सत्तावीस आहेत. जुळत नाही. वहीत तसंच लिहून ठेवलंय.

आज दर्पण आणि उन्नती ट्रंक घेऊन माझ्याकडे आले. नरहरीने कागदावर काही लिहून ठेवलंय का, असं दर्पण विचारत होता. मी वही उघडून ४ फेब्रुवारी, प्रसंग शेवटचा, टेक दोन काढला. त्याप्रमाणे द्यायचं आहे, म्हणून इथे उतरवते.

वल्हं महादूला. घराच्या दाराशी आडवं लावावं, पाण्यात घालू नये, डांबर खरं नाही.

स्टुडिओची किल्ली आणि दोन्ही कॅमेरे दर्पणला. पाटीवरचं नाव बदललं तरी चालेल. (हे तो बोलला तेव्हा दर्पण कॅमेऱ्यामागे होता आणि फ्रेम हलली आहे. दर्पण म्हणतो, पाटी बदलणार नाही. तीही नोंद केली.)

अंगठी उन्नतीला. पितळेची आहे, हे तिला आधी सांगावं.

काळा कोट गोदूबाईला, गोधडीत शिवायला. पिना मी काढल्या आहेत. एकोणीस होत्या, सगळ्या मिळाल्या.

तिन्ही सिनेमे ज्याला पाहिजेत त्याला. पैसे घेऊ नयेत.

वह्या दीपिकाला, माझ्यामागे. हे माझं, नरहरीचं नाही.

बशी शेवंतीला.

उन्नतीने विचारलं, "टीचर, शेवंतीचं काम करणारी बाई कुठे असते? पोचवायला हवी ना?"

ती बाई २००९ साली वारली. चेहरा तिचा होता. हात माझे होते. बशी कुठे पाठवायची नाही.